गरिबाच्या नावावरचं बिल



गटाच्या बैठकीत दवाखान्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं, "ऑपरेशन फुकटात झालं." कार्ड दाखवलं, अंगठा दिला, चार दिवसांनी घरी आलो. झालं ते चांगलंच झालं. पण दवाखान्याने ते काही धर्मादाय केलेलं नसतं. त्या ऑपरेशनचं बिल संगणकावरून कुठंतरी जातं, तिथं कोणीतरी ते मंजूर करतं आणि पैसे दवाखान्याच्या खात्यावर जमा होतात. बिलावर नाव आपलं असतं. आपण मात्र ते कधी बघितलेलं नसतं.

किराणा दुकानात असं चालेल का? उधारीच्या वहीत दुकानदाराने आपल्या नावावर दोन किलो साखर जास्त मांडली, तर पैसे द्यायच्या वेळी आपण दुकान डोक्यावर घेतो. कारण पैसे आपल्या कनवटीचे असतात. योजनेच्या बिलात उपचार घेणारी एक, हिशोब मांडणारा दुसरा आणि पैसे देणारा तिसरा. घेणारीला आकडा माहीत नाही, देणारा शेकडो मैल लांब बसलेला. मधल्या फटीतून पैसा कसा गळतो आणि ती फट बुजवायला कोणी काय केलं, हे आज बघायचं आहे.

त्यासाठी आपल्याला अमेरिकेत जावं लागेल. एवढ्या लांब कशाला, असं कोणी म्हणेल. तर सरकारी पैशातून गरिबाचं खासगी दवाखान्यातलं बिल भरायचं, हे तिथं साठ वर्षांपासून चालू आहे. आपल्याकडच्या मोठ्या योजना गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या. त्यांच्याकडे लबाडीही आधी झाली आणि तिच्यावर राज्याराज्यांत कायदेही आधी झाले.

गोष्ट सुरू होते ती लढाईपासून. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत उत्तरेची आणि दक्षिणेची राज्यं एकमेकांशी लढली. गुलामगिरी राहावी की जावी, यावरून ती यादवी पेटली होती. अब्राहम लिंकन तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते. लाखो सैनिकांना कपडे, बूट, घोडे, दारूगोळा पाहिजे होता, आणि माल पुरवणाऱ्या ठेकेदारांना सुगीच आली. बंदुकीच्या दारूत लाकडाचा भुसा मिसळलेला निघायचा. आजारी जनावरं धडधाकट म्हणून विकली जायची. जुन्या चिंध्यांच्या लोकरीचे गणवेश पहिल्या पावसात अंगावर विरून जायचे. सरकारचे कारकून मूठभर, ठेकेदार शेकडो. कोणाकोणाच्या गाडीत हात घालून बघणार?

२ मार्च १८६३ रोजी लिंकन यांच्या सहीने एक कायदा झाला. सरकारपुढे खोटा दावा मांडला, तर प्रत्येक दाव्यामागे २,००० डॉलर दंड आणि झालेल्या नुकसानीच्या दुप्पट भरपाई. पण त्यातली खरी गंमत पुढेच आहे. ही लबाडी ज्याला माहीत आहे, असा कोणीही साधा माणूस सरकारच्या वतीने कोर्टात जाऊ शकत होता, आणि वसूल झालेल्या रकमेतला अर्धा वाटा त्याला मिळणार होता. ठेकेदाराच्या गोदामात भुसा कोण मिसळतो, हे दिल्लीसारख्या लांबच्या राजधानीत बसलेल्या साहेबाला कधी कळणार नाही. ते गोदामातल्या हमालाला माहीत असतं, कारकुनाला माहीत असतं, कधी कधी त्या लबाडीत भागीदार असलेल्यालाही माहीत असतं. त्यालाच फोडायचा. काट्याने काटा काढायचा.

पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, या कायद्याची धार घालवली गेली. काही हुशार लोक सरकारने स्वतःच शोधलेल्या प्रकरणांची नक्कल करून वाटा मागायला लागले होते. त्यावर उपाय म्हणून असा बदल झाला, की सरकारला माहिती आधीच असेल तर खबर देणाऱ्याला दावाच करता येणार नाही. आणि सरकारच्या कुठल्या तरी कपाटात माहिती असतेच. त्यामुळे पुढची चाळीसेक वर्षं कायदा होता, पण त्याचा उपयोग फारसा कोणाला झाला नाही.

आता दवाखान्याकडे येऊ. ३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दोन योजनांवर सही केली. एकीचं नाव मेडिकेअर, ती मुख्यतः म्हाताऱ्या माणसांसाठी. दुसरी मेडिकेड, ती गरिबांसाठी. मेडिकेडचे पैसे केंद्र आणि राज्य मिळून देतात. केंद्राचा वाटा निम्म्यापेक्षा कमी नसतो आणि राज्य गरीब असेल तर तो जास्त असतो. चालवायची मात्र राज्याने. म्हणून तिथली लबाडी हा राज्यांच्या डोक्याचा ताप झाला.

योजना करताना सगळ्यांच्या मनात एकच काळजी होती, की डॉक्टर आणि दवाखाने यात येतील की नाही. त्यामुळे पैसे देण्याची रीत सैल ठेवली गेली. डॉक्टर तपासेल तितक्यांदा पैसे. म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या शुश्रूषागृहांना तर कागदावर दाखवतील त्या खर्चाप्रमाणे भरपाई. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायची सोयच ती. काही मालकांनी घरचा खर्चही म्हाताऱ्यांच्या हिशोबात घातला.

न्यूयॉर्क राज्यात हे प्रकरण १९७४ साली फुटलं. वर्तमानपत्रांनी शुश्रूषागृहांवर लिहायला सुरुवात केली. आत म्हाताऱ्यांचे हाल, घाण, दुर्लक्ष, आणि बाहेर मालकांचा थाट. बर्नार्ड बर्गमन नावाच्या एका मोठ्या मालकाचं नाव सगळीकडे गाजलं. जानेवारी १९७५ मध्ये गव्हर्नर ह्यू केरी यांनी चार्ल्स हाइन्स या वकिलाला खास सरकारी वकील म्हणून नेमलं. हाइन्स यांनी एक गोष्ट फार शहाणपणाने केली. त्यांनी नुसते वकील घेतले नाहीत. प्रत्येक पथकात एक वकील, एक तपास करणारा आणि एक हिशोब तपासणारा, असे तिघं एकत्र बसवले. बचत गट चालवणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको. चोरी वहीत असते आणि वही वाचता येणारा माणूस सोबत नसेल तर पोलीस नुसतं कपाट सील करून जातो.

बर्गमन यांनी १९७६ मध्ये गुन्हा कबूल केला. केंद्राच्या खटल्यात त्यांना शिक्षा झाली चार महिन्यांची. लोक भडकले. आम्हालाही हे वाचताना वाईट वाटलं, कारण त्या आजी-आजोबांचे गेलेले महिने कोणत्याच शिक्षेत मोजलेले नव्हते.

त्याच वर्षी आणखी एक प्रकार झाला, तो ऐकण्यासारखा आहे. युटा राज्याचे सिनेटर फ्रँक मॉस मेडिकेडची चौकशी करत होते. त्यांचे सहकारी गरीब रुग्ण बनून, मेडिकेडचं कार्ड घेऊन दवाखान्यांत शिरले. मॉस स्वतःही फाटके कपडे घालून न्यूयॉर्कमधल्या दवाखान्यात जाऊन बसले. गरिबांच्या वस्तीत रस्त्याकडेला उघडलेल्या या दवाखान्यांना लोक 'मेडिकेडच्या गिरण्या' म्हणायचे. एका दाराने माणूस घालायचा, दुसऱ्या दाराने बिल काढायचं. धडधाकट माणसाला इथल्या डॉक्टरकडून तिथल्या डॉक्टरकडे, तिथून पायाच्या डॉक्टरकडे, मग रक्त तपासायला असं चेंडूसारखं टोलवायचे आणि प्रत्येक टोल्याला एक बिल. या प्रकाराला त्यांनी पिंग-पाँगचंच नाव दिलं होतं. दुसरी युक्ती अशी, की आई एका पोराला खोकला म्हणून घेऊन आली की सोबतच्या सगळ्या भावंडांची तपासणी करून टाकायची. आईला वाटायचं, किती काळजी घेतात बाई!

या दोन्ही प्रकरणांचा परिणाम म्हणून २५ ऑक्टोबर १९७७ रोजी जिमी कार्टर यांच्या सहीने केंद्राचा कायदा झाला. राज्यांनी मेडिकेडच्या लबाडीसाठी वेगळं तपास पथक उभं करावं आणि पहिली तीन वर्षं त्याच्या खर्चातले ९० टक्के केंद्र देईल, असं त्यात ठरलं. न्यूयॉर्कचा नमुना सगळ्या देशाला लागू झाला. रुग्ण पाठवल्याबद्दल एकमेकांना कमिशन देणं-घेणं हा मोठा गुन्हा ठरला. आणि एक अट अशी होती, की जे खातं योजनेचे पैसे वाटतं त्या खात्यापासून हे पथक वेगळं असलं पाहिजे. कुंपणच शेत खायला लागलं तर राखणदार दुसरा लागतो. या पथकांना आणखी एक काम दिलं गेलं. मेडिकेडचे पैसे घेणाऱ्या ठिकाणी रुग्णाला मारहाण किंवा हेळसांड झाली तर तेही तपासायचं. पैशाची चोरी आणि माणसाची हेळसांड एकाच छपराखाली सापडते, हे न्यूयॉर्कने दाखवून दिलं होतं. आज पन्नासही राज्यांत अशी पथकं आहेत.

पण बाहेरून येणाऱ्या पथकाला आतलं कोण सांगणार? इथं लिंकनचा जुना कायदा परत वर आला. १९८० नंतर लष्कराला माल पुरवणाऱ्या कंपन्यांची बिलं गाजत होती. एका हातोडीचे ४३५ डॉलर लावल्याची गोष्ट तर घरोघरी झाली होती. आयोवाचे शेतकरी असलेले सिनेटर चार्ल्स ग्रासली यांनी १८६३ च्या कायद्याला परत धार लावायचं मनावर घेतलं आणि १९८६ च्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी त्यावर सही केली. भरपाई तिप्पट झाली. खबर देणाऱ्याचा वाटा साधारण १५ ते ३० टक्के ठरला. दावा आधी बंद लखोट्यात, गुपचूप दाखल करायचा, म्हणजे समोरच्याला कागद जाळायला वेळ मिळत नाही. आणि खबर दिली म्हणून नोकरीवरून काढलं तर नोकरी परत, वर बुडालेल्या पगाराच्या दुप्पट. हा कायदा आणला होता तोफा-हातोड्यांसाठी. थोड्याच वर्षांत त्यात दवाखाने आणि औषध कंपन्यांची प्रकरणं सगळ्यांत जास्त झाली.

मग राज्यं स्वतःचे कायदे करायला लागली. कॅलिफोर्नियाने १९८७ मध्ये केला. टेक्सासने १९९५ मध्ये मेडिकेडपुरता खास कायदा केला. आम्ही त्याच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण त्यात कोणकोणतं वागणं बेकायदेशीर, याची जी यादी आहे ती ऐकताना आपल्या तालुक्यातलंच कोणीतरी डोळ्यांपुढे उभं राहतं. पैसे मिळवण्यासाठी खोटी माहिती देणं तर आलंच. माहिती दडवणं आलं. ज्याच्याकडे परवाना नाही अशा माणसाने दिलेल्या उपचाराचं बिल लावणं आलं. आणि योजनेतून पैसे मिळत असताना वर रुग्णाकडूनही पैसे किंवा भेट मागणं, 'दिलं तरच उपचार करतो' म्हणणं, हेही त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. सापडलं तर गेलेली रक्कम व्याजासह परत, त्या रकमेच्या दुप्पट आणखी, शिवाय प्रत्येक खोट्या कृत्यामागे दंड. 'मला माहीत नव्हतं' ही सबब चालत नाही, कारण माहीत करून घ्यायची पर्वा न करणं हेही जाणूनबुजून केल्यासारखंच धरलं जातं.

१९९७ मध्ये टेक्सासने सामान्य माणसाला दावा करायची परवानगी दिली. मात्र राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाने हात वर केले की दावा तिथंच संपायचा. २००७ मध्ये ती अडवणूक काढली, म्हणजे सरकार आलं नाही तरी माणूस एकटा लढू शकतो. त्याच वर्षी न्यूयॉर्कनेही आपला कायदा केला. एवढी राज्यं एकदम का जागी झाली? तर केंद्राने खाऊ दाखवला. २००६ च्या फेब्रुवारीत झालेल्या एका केंद्रीय कायद्यात अशी तजवीज होती, की ज्या राज्याचा कायदा केंद्राच्या तोडीचा असेल त्याला वसुलीत दहा टक्के जास्त वाटा मिळेल. समजा निम्मा-निम्मा खर्च करणाऱ्या राज्यात १०० डॉलर वसूल झाले. एरवी राज्याला ५० मिळतात, चांगला कायदा असेल तर ६०. राज्यांना नीती शिकवण्यापेक्षा हा हिशोब लवकर समजला! त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे, ते आम्हाला जास्त आवडलं. वर्षाला ५० लाख डॉलर किंवा जास्त मेडिकेडमधून घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या नोकरांना लेखी सांगायचं, की खोट्या बिलाचे कायदे कोणते आणि खबर देणाऱ्याला संरक्षण काय आहे. म्हणजे चोरी झाली तर कुठं सांगायचं, हे मालकानेच कामवालीला लिहून द्यायचं.

१ सप्टेंबर २०२३ पासून टेक्सासच्या कायद्याचं नाव बदललं. आता तो फक्त मेडिकेडपुरता नाही. मुलांची विमा योजना आणि गरीब बायकांच्या तपासण्यांसाठी व कुटुंबनियोजनासाठी असलेली 'हेल्दी टेक्सास विमेन' ही योजनाही त्याच्याखाली आली.

या कायद्याने काय साधलं, याच्या दोन गोष्टी सांगतो. पेनसिल्व्हेनिया राज्यात ॲलन जोन्स नावाचा सरकारी तपासनीस होता. २००२ मध्ये त्याला एका खात्यावर औषध कंपन्यांकडून आलेले पैसे दिसले. सरकारी दवाखान्यांत मानसिक आजारावर कोणतं औषध आधी द्यायचं, याचे नियम ठरवणाऱ्यांशी त्या पैशाचा संबंध होता. जुनी स्वस्त औषधं मागे पडून नवी महाग औषधं पुढे येत होती. त्याला गप्प बसायला सांगितलं. तो बसला नाही, नोकरी गेली. ते नियम मुळात टेक्सासमध्ये तयार झाले होते, म्हणून त्याने २००४ मध्ये टेक्सासच्या कायद्याखाली दावा लावला. पुढे राज्यही त्याच्या बाजूने उतरलं. २०१२ च्या जानेवारीत खटला चालू असतानाच जान्सन या कंपनीने, गुन्हा कबूल न करता, १५ कोटी ८० लाख डॉलर देऊन तडजोड केली. एका नोकरी गेलेल्या माणसाची ही आठ वर्षं.

दुसरी गोष्ट दातांच्या तारांची. मेडिकेडमध्ये मुलांच्या दातांना तार बसवायचे पैसे मिळतात, पण खरोखर गरज असेल तरच, दिसायला चांगलं म्हणून नाही. दंतवैद्याने फोटो-एक्सरे पाठवायचे आणि सरकारने नेमलेल्या कंपनीने ते तपासून मंजुरी द्यायची, अशी रीत होती. २०११ मध्ये टेक्सासच्या एका टीव्ही वाहिनीने बातम्या दिल्या, की या एका राज्याचा तारांवरचा खर्च बाकीच्या राज्यांच्या मिळून होणाऱ्या खर्चाच्या वर गेला आहे. राज्याने नंतर दावा लावला. आरोप असा होता, की दाताचं काही शिक्षण नसलेले कारकून धडाधड मंजुरीचे शिक्के मारत होते. २०१९ मध्ये जवळपास २३ कोटी ६० लाख डॉलरवर हे प्रकरण मिटलं. इथं चोरी पकडायला ठेवलेली चाळणीच फाटकी होती. आपल्याकडे योजनेचं बिल मंजूर करणारा कोण असतो, किती शिकलेला असतो, दिवसात किती बिलं बघतो, हे विचारायची आपल्याला कधी बुद्धी झाली आहे का?

अमेरिकेचं सगळंच गोड आहे असं मात्र समजू नका. कोट्यवधी डॉलरची कंपनी पैसे भरते, गुन्हा कबूल करत नाही आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडते. शिवाय लबाडी म्हटलं की पहिलं बोट गरीब रुग्णाकडेच जातं. १९७६ च्या प्रचारात रेगन शिकागोतल्या एका बाईची गोष्ट सांगत फिरायचे. ढीगभर नावं, ढीगभर कार्डं, सरकारी पैशावर मजा. बाई खरी होती, तिने लबाडी केलीही होती. पण तिच्या एकटीमुळे मदत घेणाऱ्या सगळ्याच गरीब बायका चोर ठरल्या. त्याच रेगन यांनी दहा वर्षांनी ज्या कायद्यावर सही केली, त्याखालच्या वसुलीचे आकडे बघा. मोठा पैसा गेला तो बिल लावणाऱ्यांच्या हातून. एका कार्डावर एक बाई कितीदा आजारी पडेल? एक दवाखाना मात्र हजार कार्डांवर हजार आजार लिहू शकतो.

आणि आजार नसताना लिहिलेला उपचार नुसता कागदावर राहिला तर एकवेळ नशीब म्हणायचं. मिशिगन राज्यात फरीद फता नावाचा कॅन्सरचा डॉक्टर होता. कॅन्सर नसलेल्या माणसांनाही त्याने कॅन्सरची औषधं टोचली आणि सरकारी विम्याकडून पैसे घेतले. २०१० मध्ये एका नर्सने राज्याच्या खात्याकडे तक्रार केली होती. काही गैर आढळलं नाही, असं तिला कळवण्यात आलं. पुढे त्याच्याच दवाखान्याच्या व्यवस्थापकाने तपास यंत्रणेला खबर दिली आणि २०१३ मध्ये तो पकडला गेला. २०१५ मध्ये ४५ वर्षांची शिक्षा झाली. नर्सच्या कागदाला कोणी हिंग लावून विचारलं असतं, तर मधल्या तीन वर्षांतली माणसं वाचली असती.

हे ऐकून आपल्या अंगावर काटा येतो, पण आपल्याकडेही हे झालेलं आहे. २००८ मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आणली. पाच जणांच्या कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत उपचार. बिहार आणि छत्तीसगडमध्ये या योजनेच्या पैशासाठी गरज नसताना बायकांच्या पिशव्या काढल्याच्या तक्रारी आल्या. पोटात दुखतं म्हणून गेलेल्या बाईला 'कॅन्सर होईल' असं घाबरवायचं आणि गर्भाशय काढायचं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ५ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने सगळ्या राज्यांना अशा ऑपरेशनांवर देखरेखीची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. आपल्या बीडच्या ऊसतोड बायांची गोष्ट यात मिसळू नका. २०१९ मध्ये सरकारी समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. तिथं बहुतेकींनी कर्ज काढून, उचल घेऊन खासगीत पैसे भरले होते. योजनेची लबाडी ती नव्हे. पण पैसे सरकारचे असोत की सावकाराचे, पिशवी काढायला लागते का हे विचारायची सोय बाईला दोन्हीकडे नव्हती.

महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव मिळालं. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान योजना आली. या योजनांनी कितीतरी घरांचं सोनं आणि जमीन वाचवली, हे आम्ही डोळ्यांनी बघतो आहोत, म्हणूनच त्यांची राखण व्हावी असं वाटतं. २०२३ मध्ये देशाच्या महालेखापरीक्षकांनी आयुष्मानचा हिशोब तपासला, तेव्हा साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थ्यांपुढे एकच मोबाइल नंबर निघाला, दहाही आकडे नऊ. नंबरच खोटा असेल, तर तुमच्या नावावर कोणता उपचार लागला हा मेसेज तुम्हाला येणार कसा?

आपल्याकडे लबाडी करणाऱ्या दवाखान्याला योजनेतून काढतात, पैसे वसूल करतात, फसवणुकीचा गुन्हाही नोंदवता येतो. राज्यात आणि केंद्रात लबाडी तपासणारी पथकंही आहेत. पण दवाखान्यातल्या नर्सने, कारकुनाने खबर दिली तर तिची नोकरी वाचवणारा आणि तिला वाटा देणारा टेक्साससारखा कायदा नाही. भ्रष्टाचाराची खबर देणाऱ्यांच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा २०१४ मध्ये संसदेने मंजूर केला. तो अजून लागूच केलेला नाही. खासगी दवाखान्याच्या टेबलावर दहा-बारा हजारांवर राबणारी मुलगी कशाच्या जोरावर तोंड उघडेल?

तोपर्यंत आपल्या हातात जे आहे ते करू. कार्डाला आपला चालू नंबर जोडून घ्या, पुतण्याचा नको आणि सेवा केंद्रवाल्याचा तर नकोच. कोऱ्या कागदावर सही-अंगठा नको. सुट्टी होताना डिस्चार्ज कार्ड मागा आणि त्यावर कोणतं ऑपरेशन लिहिलं आहे ते आशाताईकडून वाचून घ्या. योजनेत बसणाऱ्या उपचारात तपासण्या, औषधं, जेवण आणि घरी परतायचं भाडंसुद्धा येतं, त्यामुळे वरचे पैसे मागितले तर पावती मागा. पावती मागितली की बऱ्याचदा मागणंच थांबतं. तरी नाही थांबलं तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला सांगा, फुले योजनेसाठी १५५३८८ आणि आयुष्मानसाठी १४५५५ वर फोन करा, आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा.

आमच्या ग्रामसंघात आजारपणासाठी कर्ज उचलणाऱ्या बायकांच्या नोंदी बघताना एक गोष्ट लक्षात आली. योजनेत ऑपरेशन 'फुकट' झालेल्या घरांनीही त्याच आठवड्यात गटातून कर्ज काढलं होतं. विचारलं तर कोणी म्हणे डिपॉझिट, कोणी म्हणे बाहेरचं औषध. दवाखान्यांची नावं इथं घेत नाही. पण कर्जाच्या रजिस्टरमध्ये आता दोन रकाने वाढवले आहेत. उपचार योजनेत होता का, आणि वर किती दिले. रजिस्टर लिहिणाऱ्या ताईंनी पावती असेल तर तिथंच टाचून ठेवायची, नसेल तर 'पावती दिली नाही' असं लिहून तारीख टाकायची. तुमच्या गटात हे सुरू केलंत तर प्रभाग संघाच्या बैठकीला रजिस्टर सोबत आणा. सगळ्या गावांची रजिस्टरं शेजारी शेजारी मांडली की कोणत्या दवाखान्याचं नाव किती वेळा येतं, ते तिथंच मोजता येईल.